पहिली आंघोळ मालकाची

आमच्या घरमालकांइतका भित्रा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात शोधून सापडणार नाही. जूचंद्रचे हे काका गोखिवऱ्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला भाड्याने देऊन बसले आणि स्वतःची झोप घालवून बसले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. उन्हाळ्यात आमच्या डोक्यावरचा स्लॅब तापतो म्हणून स्वतः गच्चीवर चढून त्याला पांढरा रंग फासला. वर म्हणाले, "भाडोत्री भाजला तं पाप कोनाला?" करारात 'घर राहण्यास सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी' अशी एक ओळ आहे. तिच्यावर बोट ठेवून ते अशा आवाजात वाचत, की हा माणूस उद्या तुरुंगातच चालला असं वाटावं.

पण खरा सोहळा करार वाढवायच्या दिवशी. पिशवीत पंचा आणि साबण घेऊन काका सकाळीच हजर, आणि थेट आमच्या बाथरूममध्ये! गिझर चालू ठेवून आंघोळ करायचे. "पयले मी न्हानार, मंग तुमी. घर माजा हाय, करंट लागला तं मना लागूदे." बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात पळायची.

गेल्या वर्षी मात्र हसू आलं नाही. करंट गळला की खटकन पडणारा सेफ्टी स्विच काकांनी बसवला होता. तो रोज नेमका मुलीच्या आंघोळीच्या वेळी पडायचा आणि तिची शाळेची बस चुकायची. वैतागून मी एका वायरमनकडून तो बायपास करून घेतला, काकांना न सांगता. करार वाढवायच्या दिवशी काका आंघोळीला गेले, आत बादली सरकल्याचा आवाज आला तेव्हा ते आठवलं.  कबूल करायची लाज, आणि आत म्हातारा माणूस. धावत जाऊन मी मेन स्विच बंद केला आणि ओरडलो, "काका, पाण्याला हात लावू नका!"

पंचा गुंडाळून, साबण फासलेल्या अंगाने काका बाहेर आले. मी सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी किती दिस न्हाली या पान्यानं?"

"पंधरा."

ते तिथेच उंबऱ्यावर बसले.  दुपारी वायरमनने गिझरची फुटलेली कॉइल काढून दाखवली; करंट तिथूनच पाण्यात गळत होता, म्हणून स्विच पडायचा. पाच स्टारचा नवा गिझर संध्याकाळपर्यंत काकांनीच बसवून घेतला.

यंदा करार त्यांच्या मुलाने ऑनलाइन केला. काकांच्या गुडघ्यांना आता तीन मजले झेपत नाहीत. पंचा घेऊन कुणी आलं नाही, आणि मला ते फार लागलं. गिझर ठणठणीत आहे, स्विच जागेवर आहे, तरी भीती काही जात नाही. हल्ली रोज सकाळी आधी मी आंघोळ करतो, मग मुलगी.