साडेचारशे पेशी

दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं की शेवंताबाई स्वयंपाकघरातच पदर अंथरून आडव्या होतात. आज डोळा लागतोयही आणि लागतही नाही. कानात लेकीचे, मंदाचे, सकाळचे शब्द घोळताहेत. "आई, एचआयव्ही आहे म्हणाले. पण रोगाशी लढणाऱ्या पेशी चांगल्या आहेत, साडेचारशे. सिस्टर म्हणतात, आता नियम बदललाय, लगेच गोळ्या सुरू करा. तू सांगशील तसं करते."

"चांगल्या आहेत तर गोळ्या कशाला?" असं शेवंताबाई तेव्हा बोलून गेल्या. त्यांना दादा आठवला होता. थोरला भाऊ, शिंपी. वीस वर्षांपूर्वी त्याला हाच आजार झाला, गोळ्या सुरू केल्या आणि नवव्या दिवशी गेला.

मशीनची घरघर ऐकू येते. ओट्यापाशी दादा बसलाय, अजून चौतिशीतलाच.

"शेवे, केवढी म्हातारी झालीस गं! आता मीच तुला अक्का म्हणू का?"

"चेष्टा पुरे. किती वाळलास."

"हात वर कर, माप घेतो." टेप दंडाभोवती फिरत राहते, संपतच नाही. "तीनशे दहा."

"माझा दंड?"

"माझ्या पेशी. पहिल्या तपासणीच्या. विसरलीस?"

विसरतील कशा? तेव्हा पेशी दोनशेच्या खाली आल्याशिवाय सरकारी दवाखान्यात गोळ्या देत नसत. तीनशे दहा म्हटल्यावर सहा महिन्यांनी या म्हणाले. घरी येऊन, पास झाल्यासारखे, पेढे वाटले होते. मग हा पुन्हा गेलाच नाही. शेवटी उचलून नेला, तेव्हा चाळीस उरल्या होत्या; गोळ्या तेव्हा कुठे मिळाल्या.

ओटा आता दवाखान्यातलं बाकडं आहे. रांगेत सगळ्यांच्या मांडीवर घडी केलेलं कापड. शेवंताबाईंच्याही.

"दादा, तू गोळ्यांनीच गेलास ना?"

"गोळ्यांनी?" तो खिशातून वीतभर चिंधी काढतो. "एवढ्यात काय शिवणार, सांग. कापड होतं तेव्हा कात्री दिली नाही. दिली तेव्हा ही उरली होती."

"म्हणजे गोळ्या चांगल्या की वाईट? सरळ सांग ना!"

"तुझ्या मांडीवरचं कुणाचं?"

"ठाऊक नाही. मंदाचं असेल."

दादा घडी उलगडतो. कापड बाकड्यावरून खाली, दाराबाहेर, उन्हात पसरत जातं. "बरंच आहे की," तो म्हणतो. कापडावर खुणा करायचा निळा खडू त्यांच्या हातात देतो. "मग पेढे कशाला वाटतेस?"

"मी कुठे वाटतेय?"

बघतात तर दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

जाग येते तेव्हा मंदा चहा गाळतेय.

"मंदे, त्या गोळ्या आणल्यास?"

"पिशवीत आहेत. तू नको म्हणालीस म्हणून..."

"माझं ऐकू नकोस. म्हणजे, सकाळचं ऐकू नकोस. मला सगळं उमगलंय असं नाही, पण आजपासून घे. पेशी आहेत तोवर घे."

 मंदा डोळे पुसून कपबशी पुढे करते आणि थबकते.

"आई, बोटांना हे निळं काय लागलंय?"

शेवंताबाई बोटं चोळून बघतात. शिंप्याचा खडू आहे.