छपरावरचा लोणच्याचा डबा

मी राउटरऐवजी लोणच्याचा डबा छपरावर चढवला आणि चार ठिकाणी काथ्याने करकचून बांधला.

एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. रत्नागिरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेली वस्तू बंद का पडली, हे शोधायचे लोक मला पैसे देतात. पण ही वस्तू चालू का होती... ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

गोष्ट २००७ची, जानेवारीतली. माझा शाळेपासूनचा मित्र रफिक पूर्णगडचा. त्याच्या बहिणीचा, शाहिदाचा, निकाह ठरला होता. नवरामुलगा इम्तियाज कुवेतला, आणि त्याची रजा ऐन वेळी रद्द झाली. अशा वेळी मुलाच्या वतीने वकील उभा राहतो आणि निकाह होतो. तिथे कितीतरी घरांत झालेला आहे. पण शाहिदा अडून बसली. तिच्या एका मावसबहिणीचं लग्न असंच झालं होतं आणि वर्षभराने तो नवरा म्हणाला होता, "मी कुठे हो म्हटलं होतं?"

"वकील उभा करा, नाय कोण म्हणतं?" शाहिदा म्हणाली. "पण त्याचा कबूल मी माझ्या कानाने ऐकणार. माझ्या घरात बसून. नायतर माझा पण कबूल नाय."

आता अडचण अशी, की त्यांचं घर खाली, खाडीच्या काठाला. तिथे मोबाइलची रेंज नाही, आणि घरचा फोन चार दिवस मेलेला. इंटरनेट वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, रफिकच्या दोस्ताकडे. नटलेल्या नवरीला भर दुपारी चढण चढवून नेणं घरच्यांना मान्य नव्हतं.

मी म्हटलं, "मी आहे ना!"

हे वाक्य माझ्या थडग्यावर... म्हणजे आमच्यात थडगं नसतं, पण खास बांधून घेऊन त्यावर लिहावं, असं आहे.

त्या काळात मला मेश नेटवर्कचं वेड लागलं होतं. जुन्या राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसायचं, त्यात फुकट मिळणारं ओपन सोर्स भरायचं, की ते राउटर आपापसात बोलायला लागतात. मधे कोणी मुख्य नाही, साहेब नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचा निरोप ऐकायचा आणि पुढच्याला द्यायचा, बस्स. मी तीन राउटर तयार केले आणि त्यांना नावं दिली. वरचा 'सडा', खालचा 'मोहल्ला', आणि मधला 'वळण', कारण वरून खालचं घर दिसत नाही, मधे डोंगराचा खांदा येतो. त्या खांद्यावर, वाटेच्या वळणाला, एक बंद घर होतं. दाऊद तांडेलचं. म्हातारा जाऊन चार पावसाळे झाले होते. छप्पर मात्र शाबूत.

तिथे वीज नव्हती, म्हणून 'वळण' मी यूपीएसच्या छोट्या बॅटरीसकट एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला, घरीच चालू केला आणि वरून खाकी टेप गुंडाळली. आता आमची आई. तिने शाहिदाकडे द्यायला लोणच्याची काचेची बरणी भरली, आणि तेल सांडू नये म्हणून ठेवली कशात? तसल्याच पांढऱ्या डब्यात. वरून टेप? माझीच. दोन्ही डबे फ्रिजवर शेजारी शेजारी. वजनही उन्नीस-बीस. मी घाईत एक उचलला आणि पळालो.

वरचा आणि खालचा राउटर बसवून अकराच्या सुमाराला दाऊद तांडेलच्या छपरावर चढलो. शिडी शेजारच्या हमीदाखालाकडून घेतली होती. म्हातारी पायरीवर बसून माझी कसरत बघत होती.

"कौल फोडू नको हां!"

"खाला, हे सायन्स आहे."

"सायन्स असूदे. कौल फोडू नको."

खाली शाहिदाच्या घरी येऊन लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर तीनही नावं! सडा, वळण, मोहल्ला. मी असा काही रुबाबात मागे रेललो, की खुर्चीचा पाय गेला. एकच गोष्ट खटकली. तपासणीचा सिग्नल पाठवला की उत्तर एकदा यायला हवं, ते प्रत्येक वेळी दोनदा येत होतं. पुढे 'डुप' असं लिहून. म्हणजे डुप्लिकेट. हे कधीकधी होतं, पण दरवेळी, न चुकता? म्हटलं असेल काहीतरी, नंतर बघू.

तेवढ्यात शाहिदाच्या अम्मीने विचारलं, "आईने लोणचं धाडणार म्हटलं होतं?"

"राहिलं हो फ्रिजवर," मी म्हणालो. विश्वासाने!

निकाह तीनला. तिकडे साडेबारा, इम्तियाजची जेवणाची सुट्टी, अर्धा तास. लॅपटॉप काझीसाहेबांसमोर, आणि लांब वायर टाकून एक स्पीकर आत बायकांच्या खोलीत, शाहिदाच्या मांडीशी. चित्र अडखळत होतं, इम्तियाजची दाढी एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. आवाज मात्र खणखणीत. आणि काझीसाहेबांनी तीनदा विचारलं, तर आम्हाला 'कबूल' सहा वेळा ऐकू आलं. प्रत्येक कबूलच्या मागे आणखी एक. दुसरा थोडा जड, थोडा लांबवलेला, होडीतल्या माणसाला हाक मारावी तसा.

"एको येतोय," मी सगळ्यांना समजावलं.

आतून शाहिदाचा आवाज आला, "येऊ दे. दोन-दोनदा बोललाय, आता नाय कसा म्हणेल?" आणि मग तिने कबूल म्हटलं. बायका हसत-रडत होत्या. रफिकने मला मिठी मारली. मी त्या दिवशी बिर्याणी नवरदेवाच्या ऐटीत खाल्ली.

पाचला मी आणि रफिक डबा उतरवायला गेलो. लॅपटॉप चालूच होता, रफिकच्या हातात. मी काथ्या सोडला, डबा उचलला, आणि रफिक खालून ओरडला, "अरे, वळण गेलं!"

"जाईल कसं? चालू आहे तो."

खाली उतरून मी टेप फाडली. आत बरणी. बरणीत आंब्याचं लोणचं. दिवसभराच्या उन्हाने तेल छान वर आलेलं.

मग मी नको ते केलं... परत चढलो आणि लोणचं होतं तिथेच ठेवून आलो. स्क्रीनवर काही नाही. सडा आणि मोहल्ला, दोघंही एकटे.

सड्यावर जाऊन घरी फोन लावला. आई म्हणाली, "तुझा तो डबा इथेच आहे, फ्रिजवर. हाताला गरम लागतोय. फुटणार नाही ना रे?"

म्हणजे 'वळण' तिकडे वीसपंचवीस किलोमीटरवर, फ्रिजवर.

वळणावर परत येऊन मी हे रफिकला सांगत होतो, आणि हमीदाखाला सगळं ऐकत होती. तिला आश्चर्य असं वाटलंच नाही. म्हणाली, "ही दाऊदची जागा. फोन नव्हते तेव्हा होडी लागली की खालचे हाक मारायचे. ती वर पोचायची नाय. दाऊद ह्या चौथऱ्यावर उभा राहून वर सांगायचा. वरचं खाली सांगायचा. स्वतःचा एक शब्द मधे घालायचा नाय."

मी विचारलं, "एकदाच सांगायचा?"

"नाय. दोनदा. एकदा कानाला, एकदा मनाला, म्हणायचा."

मी तिला 'डुप'बद्दल काही सांगितलं नव्हतं. दाऊद तांडेलच्या या सवयीबद्दल रफिकलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मी दोन रविवार तिथे घालवले. मधे काहीही न ठेवता सडा आणि मोहल्ला जोडून पाहिले. शक्यच नाही, डोंगर आडवा आहे. मग खरा 'वळण' छपरावर ठेवला. लगेच जोडलं, पण उत्तर एकदाच. डुप नाही. दुसऱ्या कुणाचा राउटर म्हणाल, तर त्या वस्तीत तेव्हा तशी वस्तूच नव्हती, आणि असती तरी माझं ठेवलेलं नाव त्याला कोण देणार? लॅपटॉपच्या मेमरीत जुनं नाव राहिलं असेल, असं एका हुशार मित्राने सुचवलं. नाव राहील हो, पण कुवेतचा आवाज डोंगर ओलांडून कसा गेला? याचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर कळवा. माझ्याकडे नाही. आणि सगळे उपाय करून झाल्यावर 'नाही' म्हणायला मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या शेवटच्या रविवारी आईने हमीदाखालासाठी मुद्दाम वेगळी बरणी भरून दिली होती. मी शिडी मागायला गेलो, तेव्हा खालाने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी म्हटलं, "खाला... फ्रिजवर राहिलं."

म्हातारीने शिडी पुढे केली आणि म्हणाली, "दाऊदने जन्मभर गावाचे निरोप पोचवले, मेल्यावर पण एक पोचवला. आणि तुला, मेल्या, जिवंतपणी एक लोणच्याचा डबा धड पोचवता येत नाय."