निळा पत्रा
परवा विहाराला निळा ऑइल पेंट मारत होते, त्या वासाने अंबरनाथच्या चाळीतलं वादळ आठवलं. आमचं छप्पर उडालं होतं आणि सकाळी दारात एक निळा पत्रा येऊन पडलेला. तो मी घरावर ठोकला. बायको म्हणाली, "अहो, हा विहाराचा आहे." मी म्हटलं, "गप बस. वाऱ्याने दिला, आपला झाला. पोरं भिजवू काय?" रविवारी वंदनेला माणसं उघड्या विहारात भिजत बसली. 'न दिलेलं घेणार नाही' हे शील मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. शेजारी बायको तेवढ्या ओळीला गप्प राहिली. तरी पत्रा मी काढला नाहीच. आता ती नाही, घराला स्लॅब आहे, आणि त्या ओळीला माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही.