संगणकातलं तळं

माझ्या बहिणीची मुलगी माझ्याकडेच राहून शिकली. मुख्य विषय प्राणिशास्त्र आणि जोडीला मायनर म्हणून संगणकीय विज्ञान. त्याच विभागात मी शिपाई. तिथे मायनरवाल्यांना कुत्रं विचारत नाही. खुर्ची कमी पडली की आधी त्यांनाच उठवतात. पोरीला मात्र तिथलंच वेड. मायनरच्या एकाच विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी त्या विभागात घेतात, ती जागा तिला हवी होती. त्यासाठी जिवाचं रान केलं कार्टीने.

तिचं काम म्हणजे संगणकातलं तळं. कुठला मासा जगेल, कुठला मरेल हे संगणक चिठ्ठ्या उचलल्यासारखं ठरवतो आणि त्या चिठ्ठ्यांची सुरुवात एका आकड्यावरून होते. सरांनी सगळ्यांना एकच आकडा दिलेला. "उत्तरं ताडून बघायला बरं पडतं. त्याला हात लावायचा नाही," असं भर वर्गात बजावलं, मी तेव्हा फळा पुसत होते. पोरीने वर्षभर त्याच आकड्यावर ते तळं घोटून घोटून बसवलं, मासे नीट जगेपर्यंत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी पाणी घेऊन आत गेले, तेवढ्यात ते म्हणाले, "आकडा बदल बघू." तिने बदलला. सगळे मासे मेले. पुन्हा बदलला, पुन्हा तेच.

"दुसरा आकडा कधी लावूनच पाहिला नाहीस?"

पोरगी सरांकडे बघत राहिली. आणि सर? चक्क हसले! "मायनरवाले असेच हो. पाठ करून येतात."

माझं डोकंच फिरलं. "अहो सर, हात लावू नका म्हणून तुम्हीच बजावलं होतंत की! आता हिच्यावर काय ढकलता?"

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग तिला विचारलं, "या तुझ्या कोण?"

जागा अजून जाहीर व्हायची होती. पोरीच्या मनात तेच असणार.

"कोणी नाही, सर. शिपाई आहेत इथल्या."

"मग सांग त्यांना, बाहेर थांबा म्हणावं."

ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा." जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं तिने. मी ट्रे उचलला आणि बाहेर आले.

जागा दुसऱ्याच मुलाला मिळाली. संध्याकाळी घरी येऊन ती दारातूनच म्हणाली, "मावशी, भूक लागली गं." मी ओ दिली नाही.