माझूच्या भिंतीवरचा जुगारी

आमच्या दोंगगांग बंदरातल्या, दर्यावरच्यांना सांभाळणाऱ्या माझू देवीच्या देवळाची वेबसाइट आ-ल्वान सांभाळते. दिवसा मासळीच्या शीतगोदामात नोकरी, संध्याकाळी देवळामागच्या खोलीत कॉम्प्युटर. साइटवरची नवसांची भिंत तिनेच केलेली. कुणीही, कुठूनही देवीला चार ओळी लिहाव्यात. त्या सगळ्यांना दिसतात.

तिचा नवरा ट्यूनाच्या बोटीवर, दूरच्या समुद्रात. बायकोला फोनवर "बरा आहे" एवढंच म्हणतो. देवीला मात्र सगळं लिहितो: कंबर धरलीय, झोप येत नाही, घरची आठवण येते. आ-ल्वान ते गुपचूप वाचते, हे अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. मीच सांगितलं.

देवीच्या जन्मदिवसाच्या तोंडावर घोळ झाला. भिंत उघडली की पान थेट जुगाराच्या साइटवर उडी मारायला लागलं. कुणीतरी नवसाच्या जागी कोड लिहून ठेवला होता आणि ब्राउझर तो हुकूम समजून पाळत होता.

देवळाचे अध्यक्ष होंगकाका खवळले. "बंद कर ती भिंत! लोक देवीकडे म्हणून जातात आणि जुगाराला लागतात. आमच्या हिचा तर पायच निघत नाही तिथून!"

"वहिनी एवढ्या भाविक कधीपासून?" मी विचारलं.

"तू गप चहा पी, म्हाताऱ्या!"

आ-ल्वानचा चेहरा उतरला. भिंत गेली तर नवऱ्याचं खरं-खोटं कळणार कुठून? "काका, बंद नको. कोडमधली तिरक्या कंसांसारखी चिन्हं कुणी लिहितानाच कापून टाकते."

"देवीला लिहिलेलं तू कापणार? कौल लाव, तिलाच विचार."

ती आतल्या खोलीत गेली, कात्रीची चाचणी घेतली आणि तशीच बाहेर आली. नवरा प्रत्येक नवसाखाली तिरक्या कंसांचा एक मासा काढतो. कात्रीने पहिला बळी त्याच माशाचा घेतला होता.

तरी कौलाची दोन अर्धचंद्री लाकडं उचलून तिने विचारलं, "आई, कापू का?" आणि ती जमिनीवर टाकली. दोन्ही लाकडं पालथी. नाही.

"मग भिंत बंद करू?" दोन्ही उताणी. म्हणजे देवी नुसती हसली, उत्तर दिलं नाही.

आ-ल्वानने लाकडं पुन्हा उचलली. मग म्हणाली, "आई, कुणी काहीही लिहो, जसंच्या तसं ठेवते. दाखवताना फक्त ब्राउझरला बजावते, ही नुसती अक्षरं आहेत. दाखव, पाळू नकोस. शिवाय देवळाच्या स्वतःच्या स्क्रिप्टशिवाय दुसरी कुठलीही चालवायची नाही. चालेल?"

एक उताणं, एक पालथं. होकार. ओळीने तीनदा.

"हे आधीच का नाही केलंस गं?" होंगकाका.

"कापणं सोपं वाटलं, काका."

उत्सवापर्यंत भिंत पूर्ववत झाली. जुगाऱ्याचा कोडही तिथेच राहिला, नवसांच्या रांगेत, निव्वळ अक्षरं होऊन. "काय मागितलंय त्याने, ते देवी बघून घेईल," काका म्हणाले.

त्याच दिवशी नवऱ्याचा नवस आला: 'माझू-आई, बोट परतीला लागलीय. आ-ल्वानला कळू देऊ नकोस, अचानक दारात उभा राहणार आहे.' खाली अख्खा मासा.

ती बिचारी आता आरशासमोर दचकण्याची तालीम करते. हे तुम्हाला मी सांगितलं, असं तिला सांगू नका.