निरभवणे सरांचा खडू

निरभवणे सरांनी साथीचा आलेख छान यावा म्हणून मुद्दाम अख्ख्या वर्गाला डोळ्यांची साथ लावली, असं आमच्या कॉलेजात सांगतात. साफ खोटं. सरांना मुद्दाम काही करता येत नाही. चहासुद्धा चुकून सांडतो त्यांच्याकडून.

सर मूळचे सटाण्याकडचे, राहतात सातपूरला, बारावीला गणित शिकवतात. साथ कशी पसरते ते गणितात कसं मांडायचं, हा त्यांचा शनिवारचा जादा तास. फळ्यावर तीन चौकोन : अजून लागण न झालेले, आजारी, बरे झालेले. प्रत्येक वाक्य ‘समजा’नं सुरू. “समजा, एक आजारी. समजा, तो दोघांना भेटला.” मग खडू पोरांच्या हातात. एकानं ठिपका काढायचा, ज्याला लागलं त्याच्याकडे रेघ ओढायची, खडू पुढच्याला द्यायचा. मी नाकात ‘समजा’ म्हटलं की व्हरांड्यातला शिपाई विडी लपवायचा, इतकी हुबेहूब नक्कल.

यंदा, २००३च्या पावसाळ्यात, सरांचेच डोळे आले. तास बुडू नये म्हणून काळा गॉगल लावून आले. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हातानं लागतात, हे त्यांनीच शिकवलेलं. आणि तेच गॉगलखालून डोळे पुसत होते, त्याच हातानं खडू देत होते.

सोमवारी निम्मा वर्ग लाल. दीपमालाचे डोळे उघडेनात. तिची शिष्यवृत्तीची परीक्षा हुकली.

पुढच्या शनिवारी सरांनी पहिला ठिपका काढून शेजारी स्वतःचं नाव लिहिलं, मग डोळे आलेल्या पोरांची नावं आणि ठिपके, प्रत्येकापुढे एक रेघ. ‘समजा’ काही निघेना. “माझ्यामुळे शे हे,” म्हणाले. घाबरले की त्यांची घरची बोली बाहेर पडते, ‘आहे’चं ‘शे’ होतं. एरवी मी तो ‘शे’ आठवडाभर पुरवला असता. त्या दिवशी मान खाली घालून बसलो.

“काल मखमलाबादला दीपमालाच्या घरी जाऊन आलो,” सर म्हणाले. “ वडिलांनी पाणी दिलं. तेवढंच.”

मला राहवेना. “सर, ती आता तासाला येत नाही. लावता पैज?”

“आली नाही तर हा तास मी बंद करतो. तसाही मला तो शोभत नाही. आणि आली तर?”

“तुमची नक्कल. तुमच्यासमोर.”

तास सुटायच्या आत ती आली. चष्म्याच्या डबीत स्वतःचा खडू. फळ्याकडे बघत म्हणाली, “सर, माझ्या ठिपक्यापुढे रेघ नको. मी घरीच बसले होते, माझ्यामुळे कुणालाच लागलेलं नाही.”

सरांनी तिच्यापुढची रेघ पुसली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. मी फळ्यापाशी उभा राहिलो.

“काढ आवाज,” सर म्हणाले. “हरलायस तू.”