विहिरीतला शंख

काल शेताजवळच्या खदानीत सुरुंग उडाला, अन् त्या दारूच्या वासानं मले आमची विहीर खांदून राह्यलो होतो तो दिवस आठवला.

फोडलेल्या खडकात दगडाचा शंख निघाला. धाकटा भाऊ ओरडला, "समुद्राचा जीव हाये! विहीर खारी होईन!" अन् त्यानं दगड फोडायचा घन उचलला. माझ्या बायकोनं शंखावर हात ठेवला. "मारा, पाहू! खारी झाली त मीठ इकत घ्यावं नाही लागणार, भाऊजी!"

लोकं हसले, तसा तो पेटला. घन आला. तिची दोन बोटं चेंदली, शंखाचा चुरा झाला. मी भावाले तोंडातून रक्त येईस्तोर तुडवलं. विहिरीले पाणी गोडंच लागलं.

आता बायको नाही. आज शंखांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आल्या. म्हणे, इथं खरंच समुद्र होता. दगडातल्या शंखांची ठेवण अन् समुद्रातल्या जित्त्या गोगलगायींची जनुकं ताडून त्यांचं नातं लावतात. बायकोनं फडक्यात बांधून ठेवलेला चुरा मी दाखवला.

"फुटला नसता तर याचं घराणं सांगितलं असतं, आजोबा."

"फोडणाऱ्याचं घराणं मी सांगतो," मी म्हणलं. "थे माझंच हाये."